खासगीपणाला कायद्याचे संरक्षण

न्हाणीघराच्या फटीतून डोकावणाऱ्यास पूर्वी गाव दटावून सोडून देई. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत तो स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ लागू आहे. स्त्रीस खासगी अवस्थेत चोरून पाहणाऱ्यास वा तिचे चित्रण करणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल एक ते तीन, पुनरावृत्तीबद्दल तीन ते सात वर्षांचा कारावास व दंड होतो. चित्रणास दिलेली संमती ही प्रसारणास संमती नव्हे. संमतीविना केलेले प्रसारणही गुन्हाच होय.
अब्रूच्या भयाने प्रकरण दडपले, तर अपराधी मोकाट राहतो. हद्द कोणतीही असो, फिर्याद जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदविता येते. म्हणून पंचांनी व शिक्षकांनी समेटाचा आग्रह न धरता पीडितेस ठाण्यापर्यंत सोबत करावी.