मे महिन्यात आजी सेन्सरला दिसेनाशी झाली

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: आर्डुइनो घेतला, एलईडी लुकलुकवून झाला, आता पुढे काय? तर आज पीआयआर सेन्सर. हॉटेलच्या जिन्यात आपण पाय ठेवला की दिवा लागतो ना, तिथला तो पांढरा अर्धगोल डोळा. हौशी लोकांमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो एचसी-एसआर५०१. मी सांगणार आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आमचं घर अकोल्याला. मी पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी आजी रात्री बाथरूमला जाताना पॅसेजमध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण महिनाभर अंथरुणात. दिवा का नाही लावला, तर म्हणे, "सगळ्यायची झोपमोड कायले करू?" बटण पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, ही आमच्या घराची जुनी गंमत.

मग डिसेंबरच्या सुट्टीत मी बसलो. आर्डुइनो नॅनो, एक पीआयआर, पाच व्होल्टची एलईडी पट्टी, ती चालू-बंद करायला एक मॉसफेट आणि जुना मोबाइल चार्जर. २३० व्होल्टला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. तुम्हीही सुरुवातीला तेच करा.

जोडणी सोपी आहे. सेन्सरला तीन पिना: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि मधली आउटपुट. हालचाल दिसली की आउटपुट ३.३ व्होल्टवर जातं, नॅनोला तेवढं पुरतं. पिनांची नावं कधीकधी पांढऱ्या लेन्सखाली छापलेली असतात, ती हलक्या हाताने काढून बघा. मागे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे दोन पॉट असतात. एकाने अंतर ठरतं, साधारण ३ ते ७ मीटर. दुसऱ्याने आउटपुट किती वेळ चालू राहणार ते, काही सेकंदांपासून पाच मिनिटांच्या आसपास. वेळेचा पॉट मी अगदी कमीवर ठेवतो आणि दोन मिनिटं कोडमध्ये मोजतो, मिलिस वापरून. डिले वापरलात तर तेवढा वेळ नॅनो दुसरं काहीच बघत नाही. एक जंपरही असतो. तो एचवर ठेवला की हालचाल चालू असेपर्यंत वेळ पुन्हा पुन्हा सुरू होते.

सेन्सर लावला पॅसेजच्या टोकाला, बाथरूमच्या दारावर, आजीच्या खोलीकडे तोंड करून. आजी खोलीतून निघाली की लख्ख उजेड. घरात माझं कौतुक झालं, शेजारचे काका बघून गेले. मी पुण्याला परत.

मे महिन्यात बाबांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाले, "अरे, तुझा तो लाईट आजकाल लागत नाही." कधीपासून? "झाले असतील आठ-दहा दिवस. आजी म्हणते, त्याले सांगू नका, लेकरानं एवढ्या मेहनतीनं केलं."

म्हणजे आठ-दहा रात्री ती परत अंधारात चालत होती. मला वाईट वाटू नये म्हणून.

शुक्रवारी रात्रीची बस पकडली. बसमध्ये कोड चार वेळा वाचला, कारण सॉफ्टवेअरवाल्याला आधी कोडच दिसतो. कोड ठीक होता. घरी पोचल्यावर सेन्सरसमोर हात हलवला, दिवा लागला! तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. दुपारी हलवला, नाही लागला. रात्री साडेबाराला पॅसेजमध्ये तापमान मोजलं, ३४ अंश. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री कुठे गार होतोय?

इथे डोक्यात प्रकाश पडला. पीआयआरला माणूस दिसत नाही. त्याला दिसतो उष्णतेतला फरक. आत दोन तुकडे असतात, एकमेकांच्या उलट जोडलेले. दोघांवर सारखी उष्णता पडली तर हिशेब शून्य. गरम शरीर आडवं गेलं की आधी एकावर, मग दुसऱ्यावर उष्णता पडते आणि सिग्नल वरखाली होतो. वरची लेन्स समोरच्या जागेच्या फाका करते, आपण एका फाकेतून दुसरीत गेलो की सेन्सरला कळतं. आता आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. भिंतही ३४ला पोचली तर फरक उरलाच कुठे? आजी चालत होती, पण सेन्सरसाठी ती भिंतीचाच भाग झाली होती.

आणि दुसरी चूक शुद्ध माझी. आजी सेन्सरच्या दिशेने सरळ चालत यायची. सरळ येणारा माणूस फाका फारशा ओलांडत नाही, तिथे सिग्नल मुळातच कमजोर. डिसेंबरच्या थंडीत फरक एवढा मोठा होता की ही चूक झाकली गेली.

मग सेन्सर बाजूच्या भिंतीवर आणला, खोलीच्या दाराजवळ, आजी आडवी जाईल असा. कूलरचा झोत त्यावर येणार नाही हेही बघितलं, नाहीतर हवेच्या झोतानेही दिवा उगाच लागतो. सुधारणा झाली, पण रात्रीच्या दहा फेऱ्यांत दोनदा चुकलाच. दहात दोन म्हणजे आजीसाठी खूप झालं.

म्हणून एक डीएचटी२२ तापमान सेन्सर जोडला. पॅसेज ३१ अंशांच्या वर गेला की पीआयआरवर विसंबायचंच नाही, पट्टी रात्रभर मंद चालू ठेवायची. वीज जाऊन आली तरी तेच. सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर हा सेन्सर काहीही बरळतो, तेवढा वेळ दिवा चालूच.

आजीने रात्री बघितलं. म्हणाली, "म्हंजे झिरोचा बल्बच लावला की रे तू." [हसतो] हो आजी, मे महिन्यात तसंच समज.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर मी तिलाच विचारतो, लाईट लागतो का. "लागते" म्हणाली की मग बाबांना विचारतो.

कोड आणि जोडणीचं चित्र खाली दिलंय. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडच्या मंडळींनी ३१चा आकडा आपल्या घरात मोजून बदला. पुढच्या भागात वायफायवाला बोर्ड घेऊ, तो या सेन्सरला अगदी खेटून ठेवला की काय गोंधळ होतो ते बघायचंय. चला, भेटू.