एक प्रिंटर, अनेक संगणक



आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. तरीही आजचा विषय मुद्दाम निवडला आहे. संस्थेच्या कार्यालयात वा अभ्यासिकेत देणगीदाखल आलेले संगणक एकसारखे नसतात. एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स, तिसरा मॅक. प्रिंटर मात्र एकच. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, किंवा पदरमोड करून बाहेरून छापून आणतो. अखेरच्या दिवशी दुकान बंद असेल, तर अर्जच राहतो. ही अडचण पैशाची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे.

मूळ प्रश्न भाषेचा आहे. विंडोजची बोली निराळी, युनिक्सची निराळी. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारा संगणकांचा संवाद निरखून त्याचे नियम ओळखले आणि १९९२ साली पुढे ‘सांबा’ नावाने प्रसिद्ध झालेला प्रोग्रॅम लिहिला. पुढे १९९९ साली ‘आयपीपी’ हे छपाईचे सामाईक नियम आले. त्यांवर आधारलेली मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही व्यवस्था आज लिनक्स व मॅक दोन्हींत आढळते. प्रत्येक बँकेची खतावणी वेगळी, परंतु धनादेशाचा नमुना सर्वांना मान्य. म्हणून व्यवहार चालतो. येथेही तसेच आहे.

आता प्रत्यक्ष कृती. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल, तर तो राउटरला जोडून त्याचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा. पत्ता बदलला की प्रिंटर ‘हरवतो’. त्यानंतर प्रत्येक संगणकावर आयपीपी पद्धतीने तो जोडावा. प्रिंटर जुना, केवळ यूएसबीचा असेल, तर तो लिनक्स संगणकाला जोडून कप्समधून सामाईक करावा. त्यासाठी त्या प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो की नाही, हे आधी पाहावे. इतर संगणक ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून त्याच्याशी बोलतात. मात्र तो लिनक्स संगणक सुरू असला पाहिजे. आलेली कामे तेथे रांगेत थांबतात व क्रमाने छापली जातात.

मराठीसाठी एक सूचना. एका संगणकावर नीट दिसणारा मजकूर दुसऱ्यावर फॉन्ट नसल्यास बिघडतो, जोडाक्षरे तुटतात. म्हणून फॉन्टसह पीडीएफ करून तीच छापावी. अर्जातील नाव चुकीचे छापले गेले, तर भुर्दंड अर्जदारालाच पडतो.

सावधगिरीही हवी. २०२१ साली विंडोजच्या छपाई सेवेत आणि २०२४ साली कप्सशी संबंधित प्रोग्रॅममध्ये सुरक्षेच्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि प्रिंटर बाहेरील इंटरनेटला खुला करू नये. छापलेली उत्पन्नाची, आजाराची कागदपत्रे ट्रेमध्ये पडून राहू देऊ नयेत. सामाईक यंत्र म्हणजे सामाईक जबाबदारी.

शेवटी एक विनंती. प्रिंटरचा पत्ता, जोडणीचा क्रम आणि शाईचा हिशेब एका वहीत लिहून ती वही प्रिंटरजवळच ठेवा. हे ज्ञान एकाच जाणत्या माणसाजवळ राहिले, तर तो गावी गेला की छपाई थांबते. वही असेल, तर दहावीची मुलगीसुद्धा हे काम करू शकेल.