दोन घागरी पाणी

१९१८ सालचा आश्विन महिना मुंबईच्या ज्या पिढीनें पाहिला, ती पिढी आतां काळाच्या पडद्याआड गेली आहे. त्या महिन्याची आठवणही घरोघरीं पुसट होत गेली होती. पण २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, दारें बंद होऊं लागलीं, तेव्हां पणजोबांच्या काळच्या त्या इन्फ्ल्युएंझाचें नांव पुन्हा ऐकूं येऊं लागलें. त्या तापांतून उठलेल्या एका कुटुंबाची ही हकीकत आहे. कुटुंब कल्पिलेलें आहे, म्हणून त्याला नांवगांव नाहीं. भोंवतालची परिस्थिति मात्र इतिहासानें नोंदलेली आहे.

पहिलें महायुद्ध संपत आलें होतें. १९१८ च्या जून महिन्याच्या १० तारखेस मुंबईंतील सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडून इस्पितळांत दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. जूनमधील ती लाट सौम्य होती. ताप यावा, दोन-तीन दिवस अंग मोडून यावें आणि मनुष्य उठून कामाला लागावा, असा प्रकार. त्यामुळें सप्टेंबरांत ताप पुन्हा आला, तेव्हां पुष्कळांनीं तो मनावर घेतला नाहीं. परंतु ही दुसरी लाट निराळी होती. ताप छातींत उतरे, ओठ निळसर पडत, आणि चांगलीं तरणींताठीं माणसें थोड्याच दिवसांत जात. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या सालीं पावसानेंही दगा दिला होता, धान्य महागलें होतें, आणि अर्धपोटीं शरीराला रोगाशीं झगडण्याचें बळ नव्हतें.

गिरगांवांतील एका चाळींत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत हें कुटुंब रहात होतें. कर्ता पुरुष एका गिरणीच्या कचेरींत कारकून. त्याची पत्नी, आठ व पांच वर्षांचीं दोन मुलें, आणि साठी उलटलेली आई. पाण्याचा नळ तळमजल्यावर. पितृपक्षाच्या अखेरीस एका संध्याकाळीं कारकून घरीं आला तो भिंत धरूनच. दुसऱ्या दिवशीं दोन्ही मुलें निजलीं. सून त्यांच्या उशाशीं बसली, खालून घागरी आणीत राहिली, आणि घटस्थापनेच्या सुमारास भरली घागर जिन्यांत ठेवून तेथेंच खालीं बसली. तिला आदल्या दिवसापासून ताप होता. तिनें तो कोणाला सांगितला नव्हता. हिंदुस्थानांत त्या सांथींत पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक दगावल्या. ज्या शुश्रूषा करीत, त्यांना स्वतःचा ताप मोजण्यास सवड नसे, हें त्याचें एक कारण मानलें जातें.

म्हातारी तेवढी उभी राहिली. या तापाचा रोख वृद्धांपेक्षां तरुणांवरच अधिक होता. पण दोन जिने पाणी चढविण्याची ताकद तिच्या अंगीं नव्हती. आजूबाजूचीं दारें लावलेलीं होतीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हांपासून सांथ म्हटली कीं दार लावावें किंवा गांव गांठावें, हीच रीत लोकांच्या अंगवळणीं पडली होती. म्हातारी सज्जांत येऊन उभी राहिली आणि कोणाचेंही नांव न घेतां म्हणाली, "घरांत पाणी नाहीं हो."

थोड्या वेळानें समोरच्या बिऱ्हाडाचें दार उघडलें. तेथें रत्नागिरीकडच्या एक विधवा बाई रहात. त्यांनीं जिन्यांतली घागर उचलून उंबऱ्याशीं आणून ठेवली. त्या दिवसापासून रोज सकाळीं दोन घागरी पाणी आणि तांदळाच्या पेजेचें एक पातेलें त्या उंबऱ्याशीं येऊं लागलें.

डॉक्टर एकदां येऊन गेले. क्विनाईनच्या पुड्या आणि खोकल्याची बाटली, याहून अधिक देण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. माणसाला होणाऱ्या या रोगाचा विषाणु ओळखला गेला तो १९३३ सालीं. पेनिसिलीनचा शोधही १९२८ चा. तेव्हां बिछाना, पाणी, पेज आणि कपाळावर ओली पट्टी हाच खरा उपचार.

पांचव्या दिवशीं कारकुनाचा ताप उतरला. रजा संपली होती. तो कचेरीला जाण्यास उठला. आईनें खुंटीवरची पगडी काढून पेटींत घातली आणि ती पेटीवर बसली.

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल. तूं गेलास तर ह्या पोरांना बाप कुठून आणूं?"

तो पुन्हा आडवा झाला. थोडें बरें वाटतांच कामाला लागलेलीं किती तरी माणसें त्या दिवसांत पुन्हा पडलीं, तीं उठलीं नाहींत.

सुनेची सातवी रात्र कठीण गेली. तिला उशांना टेकवून बसविलें होतें, आणि सासू चमच्याचमच्यानें पाणी पाजीत होती. पहाटे घाम फुटला. दसऱ्याला तिनें पेजेंत मीठ मागितलें, तेव्हां म्हातारीनें प्रथमच पदर डोळ्यांना लावला.

चार दिवसांनीं घरचीं माणसें सज्जांत येऊन बसूं लागलीं. खालीं नळासमोरच्या खोलीला कुलूप होतें. तेथें गोदींत काम करणारा एक गडी एकटाच रहात असे. त्यालाही त्याच डॉक्टरांनीं त्याच पुड्या दिल्या होत्या. दार उघडलें तेव्हां पुड्या उशाशीं तशाच होत्या, आणि मडकें कोरडें होतें. म्हातारी सुनेला म्हणाली, "नळ त्याच्या दारापुढेंच होता. आपल्याला दोन जिने चढून पाणी आलें. त्याला दहा पावलांवरून कोणी दिलें नाहीं. मीही नाहीं दिलें."

दिवाळीनंतर समोरच्या बाई तापानें पडल्या. त्या दिवशीं चाळीनें एक नवल पाहिलें: कारकून, अजून पाय लटपटत असतां, स्वतः घागर घेऊन जिना चढत होता. बाई महिनाभरानें हिंडूंफिरूं लागल्या.

त्या सांथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. २०२० च्या सांथीपर्यंत वैद्यक फार पुढें आलें होतें. प्राणवायु होता, १६ जानेवारी २०२१ पासून देशांत लसही टोंचूं लागले. तरीही ज्या घरांत सगळींच अंथरुणाला खिळलीं, तेथें दाराशीं डबा ठेवून घंटा वाजविणारा शेजारी कोण, हाच पहिला प्रश्न होता. सांथ पुन्हा येणारच नाहीं, असें कोणताही वैद्य सांगणार नाहीं. आपल्या इमारतींत एकटें कोण रहातें, त्याच्या दाराची कडी कोणी वाजवावयाची, हें ताप येण्यापूर्वींच ठरवून ठेवतां येतें. त्याला औषध लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. पण तें ठरवावें लागतें.