पडद्यावरील अक्षर

बेंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने 2015 साली ‘स्टोरीवीव्हर’ हे बालकथांचे संगणकीय भांडार सर्वांस विनामूल्य खुले केले. त्यात मराठी कथाही आहेत. अशा पुस्तकाचे पान कधी संगणकावर, तर कधी तळहाताएवढ्या फोनवर उघडते. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर हवे. टंकाला मराठीची लकबही ठाऊक हवी. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत भेद केवळ रकाराच्या आकाराचा. तो पुसला, की स्वयंपाकी गुरुजी होतो. नव्याने वाचू लागलेले मूल तर छापलेले तेच खरे मानते. तेव्हा टंक निवडणाऱ्याने आधी असे शब्द लावून पाहावेत. अक्षराचे सौंदर्य त्यानंतर न्याहाळावे.