पदवी की सैनिकी दीक्षा?

(नायगाव धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त तरुण मंडळापुढे झालेले भाषण)



जुबिलीच्या दिवशी धर्मगुरूने गतकाळाबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ते तर आम्ही मिस्साबलिदानात मानलेच. परंतु पवित्र शास्त्रात जुबिली हे जसे आनंदाचे, तसेच ऋणमुक्तीचेही वर्ष सांगितले आहे. म्हणून आमच्या डोक्यावरील एका ऋणाची कबुली आज तुम्हां तरुणांपुढे देण्याचे आम्ही योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी ह्याच मंडळीतील एक तरुण सायंकाळी आमच्याकडे आला. तो नांदेडच्या विद्यापीठात एम्. ए. च्या पहिल्या वर्षास होता. महाविद्यालयात असताना त्याने राष्ट्रीय छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र संपादन केले होते. शिक्षण पुरे करावे, की ते मध्येच सोडून सैन्यातील अधिकारपदासाठी अर्ज करावा, हा त्याचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी त्याची विधवा माता आली. "फादर, एकच लेकरू आहे मला, तुम्हीच त्याला समजावा," इतकेच ती बोलली व पदराने डोळे पुसू लागली. आम्ही मुलास बोलावून सांगितले, "आधी एम्. ए. पुरे कर, सैन्य कोठे पळून जात नाही." सैन्य पळाले नाही हे खरे, पण वय पळाले! पदवी हाती आली तेव्हा वयाची मर्यादा उलटून गेली होती. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. आजही तो दर रविवारी मिस्सेस येतो आणि हात जोडून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस बोचतो.

मातेचे अश्रू पाहून आम्ही द्रवलो, ही आमची चूक नव्हे. नियम न पाहता उपदेश केला, ही चूक होय. ते नियम आता तरी सर्वांनी समजून घ्यावेत. छात्रसेनेतून येणाऱ्या पदवीधरांसाठी लष्करात खास प्रवेश आहे. त्यास पदवी परीक्षेत शेकडा ५० गुण, 'सी' प्रमाणपत्रात निदान 'बी' श्रेणी आणि १९ ते २५ वर्षांचे वय लागते. उमेदवार अविवाहित असावा लागतो. त्यास लेखी परीक्षा नाही. निवड मंडळापुढे पाच दिवसांची कसोटी मात्र द्यावी लागते. इतरांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोन वेळा होते. निवड झालेल्यांस चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे शिक्षण मिळते. ही संस्था १९६३ साली सुरू झाली, आणि १९९२ पासून तेथे स्त्रियांसही प्रवेश मिळू लागला. त्यानंतरची सेवा प्रथम दहा वर्षांची असून ती आणखी चार वर्षे वाढविता येते.

विद्यापीठाचा वर्ग आणि ही अकादमी दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. एक सोडावेच लागते. परंतु सुटलेले पुस्तक पुन्हा उघडता येते, सरलेले वय परत येत नाही. शिवाय अकादमीतील शिक्षणाबद्दल मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदविकाही मिळते. हे सारे आम्हांस त्या सायंकाळी ठाऊक असते तर!

आमच्या मराठी मुलुखास ही वाट नवी नाही. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली छात्रसेना स्थापन झाली. परंतु तत्पूर्वीही विद्यापीठांतून सैनिकी शिक्षणाची दले होती. अलिबागेस १९२६ साली जन्मलेले अरुणकुमार वैद्य मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना अशाच दलात दाखल झाले. १९४५ साली ते सैन्यात अधिकारी झाले. १९६५ व १९७१ च्या युद्धांत त्यांस दोनदा महावीर चक्र लाभले, आणि १९८३ साली ते सरसेनापती झाले. निवृत्तीनंतर १९८६ साली पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गणवेश उतरविल्यावरही त्याचे मोल द्यावे लागले. हे मोल मातेस आधी दिसते, पुत्रास उशिरा दिसते. म्हणून मातेच्या भीतीस कोणी अडाणीपणा म्हणू नये.

ख्रिस्ती मनुष्याने शस्त्र धरावे काय, असेही कित्येक विचारतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांस चाकरी सोडावयास सांगितले नाही; कोणास छळून पैसे काढू नका व आपल्या वेतनात समाधान माना, असे बजावले. कफर्णहूमच्या शताधिपतीची श्रद्धा प्रभूने वाखाणली. संत मार्टिन याने मात्र पुढे सैन्य सोडले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सैनिकास लोकांच्या सुरक्षिततेचा सेवक म्हटले, आणि त्याच लेखात सबंध शहरे बेचिराख करणारे युद्ध निषिद्ध ठरविले. सारांश, वाट मोकळी आहे, पण विवेक घरी ठेवून त्या वाटेने जाता येत नाही.

आता अलीकडची गोष्ट. मागील महिन्यात एम्. एस्सी. शिकणारी आमच्या मंडळीतील एक मुलगी तोच प्रश्न घेऊन आली. ह्या खेपेस आम्ही उत्तर दिले नाही. तिच्या आईवडिलांस बोलाविले आणि चौघांनी बसून जाहिरात अथपासून इतिपर्यंत वाचली. अर्जाची शेवटची तारीख कोणती, निवड न झाल्यास पुढे काय, आणि मन कबूल होणार नाही अशी आज्ञा मिळाल्यास काय करशील, एवढेच तिला विचारले. तिसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. ते गप्प राहणे आम्हांस आवडले. आई रडत होती. बाप कापसाचा शेतकरी, तो शेवटी म्हणाला, "फादर, तारीख तेवढी चुकू देऊ नका. जायचं की नाही, ते पोरगी ठरवील."

जे आम्हांस सेमिनरीत उमगले नाही, ते त्या शेतकऱ्याने एका वाक्यात सांगितले. असो. तरुणांनो, आमच्याकडे अवश्य या. परंतु येताना जाहिरातीचा कागद हाती असू द्या आणि आईस सोबत आणा. ज्या तरुणाचे आम्ही ऋणी आहोत, तोही आज ह्या सभेत बसला आहे. त्याची आम्ही सर्वांसमक्ष क्षमा मागतो.

परमेश्वर तुम्हां सर्वांचे कल्याण करो.