टी-शर्टच्या आधी हेल्मेट

 

श्रावण लागला की गावातली पोरं वर्गणीला येतात. दहीहंडीसाठी कुणी पन्नास देतं, कुणी शंभर. मागच्या वर्षी गटाच्या बैठकीतच पोरं आली. पावती पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "ताई, यंदा सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट करायचेत." तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "टी-शर्ट किती ते कळलं. हेल्मेट किती?" पोरं एकमेकांकडे बघून हसली. मावशी मात्र हसल्या नाहीत.

त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा नातू चौथ्या थरावरून खाली आला होता. डोकं रस्त्याला लागलं. रक्त नाही, जखम नाही. पोरगा उठला, ताक प्यायला आणि परत नाचायला गेला. घरी कुणाला काही बोलला नाही. रात्री दोनदा उलटी झाली. मावशींना वाटलं, उन्हात नाचला, पित्त झालं असेल. पहाटे हाक मारली तर नीट ओ देईना. मग धावपळ, गाडी, तालुक्याचं गाव, तिथून पुढे जिल्ह्याला. वाचला. पण त्याची बारावीची परीक्षा त्या वर्षी राहिली, आणि डोकेदुखी अजून सुटलेली नाही.

आपल्याला वाटतं, डोक्याला मार लागला की रक्त येणार, माणूस बेशुद्ध पडणार. तसं दर वेळी होत नाही. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं. सुरुवातीला माणूस चांगला बोलतो, चालतो. काही तासांनी त्रास सुरू होतो.

दूरदेशीचं एक उदाहरण सांगतो. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचा खेळ असतो, स्कीइंग. आपल्या देशात गुलमर्गला आणि औलीला तो खेळतात. 2009 च्या मार्चमध्ये नताशा रिचर्डसन नावाची नामवंत अभिनेत्री कॅनडात हा खेळ शिकत होती. उतार नवशिक्यांचाच होता. ती पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठली आणि "मी ठीक आहे" म्हणाली. आलेली रुग्णवाहिका परत पाठवली. तासाभराने डोकं दुखायला लागलं. दोन दिवसांनी ती गेली. वय 45. पैसा होता, मोठे दवाखाने होते. गेला तो वेळ.

आता कुणी म्हणेल, स्कीइंग कुठे आणि आपली हंडी कुठे? पण 2022 मध्ये आपल्या राज्य सरकारनेच दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांसाठी विम्याचीही घोषणा झाली, मृत्यू झाला तर दहा लाख. विमा हवाच. पण तो पोरगा पडल्यानंतरचा. पडण्याआधीचं काम आपल्याला करायचंय.

मंडळातले थोरले म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होतं हेल्मेट?" खरं आहे. पण त्यांच्या वेळी हंडी देवळाच्या ओट्यावरून हात पुरेल एवढी असायची. आता बक्षिसाच्या रकमेबरोबर हंडी वर चढत गेली.

स्पेनमध्ये कातालोनिया नावाचा प्रांत आहे. तिथेही आपल्यासारखेच माणसांचे थर लावतात, शे-दोनशे वर्षांची परंपरा आहे. सगळ्यात वर लहान मूल चढतं. 2006 मध्ये तिथे बारा वर्षांची एक मुलगी पडून गेली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. हलकं, मऊ, खालच्या माणसाला लागणार नाही असं. परंपरा मोडली नाही. आजही तिथे थर लागतात. फरक एवढाच, की मुलाच्या डोक्यावर काहीतरी असतं.

तर आम्ही काय केलं? गावातले पाच गट एकत्र बसलो. प्रत्येक गटात दहा जणी. प्रत्येकीने दोनशे काढले. दहा हजार झाले. मंडळाला सांगितलं, "पैसे देतो, पण टी-शर्टला नाही." आधी कुरकुर झाली. मग त्यांनीही टी-शर्ट स्वस्तातले घेतले आणि उरलेली रक्कम यात घातली. सोळा हेल्मेट आणि खाली अंथरायला दोन जाड गाद्या आल्या. हेल्मेट गटाच्या कपाटात असतात. नोंदवहीत सही करून न्यायची, तशीच परत आणायची.

घेताना काही गोष्टी शिकलो, त्या सांगतो.

मोटरसायकलचं जड हेल्मेट नको. मानेवर भार येतो, ऐकू येत नाही, आणि पडताना खालच्याला लागतं. सायकल चालवताना किंवा कडे चढताना घालतात तसं हलकं घ्या. ते कपाळावर आलं पाहिजे, मागे सरकलेलं नको. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना सगळ्यात आधी उडतं. आतला थर थर्माकोलसारखा असतो. तो दबतो म्हणून डोक्याचा मार कमी होतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.

सगळ्यात वरच्याला दोरीचा पट्टा हवा. तो मांड्या आणि छातीला धरणारा असावा. कमरेला साधी दोरी बांधून भागवू नका, झटका बसला की तीच दोरी पोटात रुतते. पट्टा जमिनीवर असतानाच लावायचा, आणि दोरी सांभाळायला शिकलेला माणूस हवा.

आणि चौदा वर्षांखालचं मूल थरावर नको. मुंबई उच्च न्यायालयात 2017 मध्ये हीच वयाची अट ठरली आहे. पोरगं हलकं आहे, चढेल पटकन, असं म्हणून कुणी मागायला आलं तर आईने सरळ नाही म्हणायचं.

हेल्मेट घातलं म्हणून काहीच होणार नाही, असंही नाही. मान आणि पाठ उघडीच राहते. म्हणून कुणी पडला तर ओढून उठवू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या, तर हलवू नका, 108 ला फोन करा. उठून चालला तरी त्या दिवशी परत थरावर नाही. पुढचा दिवसभर आणि रात्रभर घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायचं. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, अडखळतं बोलणं, झटके, नाकाकानातून रक्त किंवा पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

मागच्या वर्षी आमच्या गावात चारच थर लागले. हंडी फुटली. मावशींचा नातू थरावर नव्हता, खाली उभा राहून एकेकाचा हनुवटीचा पट्टा तपासत होता. ज्याचा सैल, त्याला वर सोडत नव्हता.

आता कितीतरी गावांत मुलींचीही पथकं आहेत. आपल्या लेकीही चढतात, आणि चढू द्या. आम्ही खेळ थांबवायला सांगत नाही. येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं हा विषय घ्या. वर्गणीला पोरं आली की पावती फाडायच्या आधी मावशींचा तोच प्रश्न विचारा.