मे महिना आणि गोष्टीचं पुस्तक

(मिरजेत युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे शिक्षणावर बोलायचं म्हटलं की वक्ता ‘इक्रा’पासून सुरुवात करतो. मीही पुष्कळदा केली आहे. आज तुम्हाला सरळ विचारते, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अभ्यासाची पुस्तकं सोडून मुलांसाठी गोष्टीचं एखादं पुस्तक आहे? हात फारसे वर आले नाहीत. लाजू नका, माझ्या माहेरीही नव्हतं.

माझा धाकटा भाऊ आठवीत दोनदा नापास झाला आणि त्याची शाळा सुटली. मास्तर म्हणायचे, धांदरट आहे. अब्बा म्हणायचे, नशीब. त्याला सलग एक परिच्छेद वाचता येत नव्हता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेजारी बसून अभ्यास करणाऱ्या माझ्याही नाही. पाठांतर चांगलं होतं, कविता घडाघडा म्हणायचा, त्यात सगळं झाकलं गेलं. दर मे महिन्यात तो अब्बांच्या हातगाडीवर असायचा. मार्चपर्यंत जे थोडंफार जमलेलं असायचं ते जूनमध्ये पुन्हा पुसट झालेलं असायचं. आज तो उत्तम गाडी दुरुस्त करतो. पण बँकेचा कागद आला की माझ्याकडे येतो आणि म्हणतो, “आपा, जरा देख ना, क्या लिखेले हैं.” व्हॉट्सॲपवर कधी लिहीत नाही, आवाजच पाठवतो.

म्हणून मी मे महिन्यावर अडून बसले आहे.

आपल्या मुलांचं ओझं जरा समजून घ्या. घरात आपण दखनी बोलतो, शाळेत मराठी. सकाळी अरबी. सात-आठ वर्षांचं लेकरू देवनागरी, इंग्रजी आणि अरबी अशा तीन लिप्या हाताळतं, ही लहान गोष्ट नाही. पण यातून एक सवय लागते. नाजरा शिकताना उच्चार बिनचूक हवा, अर्थ नंतर कधीतरी. ते त्या जागी ठीक आहे. मूल मराठीही तसंच वाचू लागतं, तेव्हा अडचण होते. गेल्या वर्षी गल्लीतल्या एका पाचवीच्या मुलीनं मला अख्खा धडा न अडखळता वाचून दाखवला. मी विचारलं, मग त्या म्हातारीचं काय झालं? ती माझ्याकडे बघत राहिली. धड्यात म्हातारी होती, हेच तिला कळलं नव्हतं.

मग आम्ही उलटं केलं. मी वाचायचं, मुलांनी ऐकायचं. असरनंतर ऊन उतरलं की पायरीवर बसायचो, पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. गोष्ट मराठीत आणि तिच्यावरची बडबड दखनीत. मराठीतच बोला, असं मी एकदाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घेतली. तीन पैसे घेऊन जत्रेला गेलेला हामिद खेळणी, मिठाई सोडून दादीसाठी चिमटा आणतो. एक पोरगा म्हणाला, “हामिद? ये तो मेरे चाचा का नाम है!” मराठी गोष्टीत आपल्या घरातलं नाव क्वचित भेटतं, त्यामुळे मुलं एकदम पुढं सरकून बसली. पण तेवढ्यावर थांबू नका. फास्टर फेणेही त्यांचाच आहे, तोत्तोचानही.

पुस्तकं कुठून आणायची, हे मला दर वेळी विचारतात. पैसे लागतातच असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषांत चित्रगोष्टी आहेत, त्याही फुकट. तिथं काही गोष्टी मराठीतही मिळतात आणि उर्दूतही. उर्दू वाचणारी नानी आणि मराठी वाचणारी नात एकच गोष्ट वाचू शकतात. आमच्याकडे एका घरी हे झालं, नानीला चष्मा मात्र नवा करावा लागला. मोबाइल नाही तरी दिवसभर मुलांच्या हातात असतोच. आणि सहलच काढायची असेल तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या भिलारला जा. 2017 च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं, तिथं लोकांच्या घरात बसून पुस्तकं वाचता येतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. सारांश लिहायला लावू नका. आणि “मोबाइल बघितलास ना, आता पुस्तक वाच” असं म्हणू नका, मुलांना ती शिक्षा वाटते. पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात सोडू द्या. आपणही सोडतोच की.

मुलींचं वेगळं सांगते. सुट्टी लागली की बारा वर्षांच्या मुलीच्या हातात लाटणं आणि कडेवर धाकटा भाऊ येतो. पायरीवर फक्त मुलगे जमले तर समजा की निम्मं काम झालंच नाही. मी आयांना सांगितलं, धाकट्यालाही घेऊन या, तो रडला तर रडू दे. तो रडायचाच, आम्ही मोठ्यानं वाचायचो.

यंदा माझ्या भावाची मुलगीही येणार आहे. गेल्या वर्षी तो तिला सोडायला यायचा आणि गाडी बंद करून तिथंच थांबायचा, गोष्ट संपेपर्यंत. मी त्याला काही विचारलं नाही.

माझ्याकडे साठेक पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. शाळा उघडेपर्यंत ती तुमच्या गल्लीत न्या. फाटली तर फाटू द्या, चिकटपट्टी पेटीतच ठेवली आहे.